काकूंची फाइल आणि दादरचा पूल

आमच्या बचत गटातल्या एका काकूंचे उपचार परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये सुरू आहेत. दर तीन आठवड्यांनी जावं लागतं. घरातला माणूस दर वेळी रोज बुडवून जाऊ शकत नाही, म्हणून गटाने बाऱ्या लावल्या : एका खेपेला आमच्यापैकी दोघी सोबत. त्यामुळे झालं काय, की गावाबाहेर बाजारापलीकडे न गेलेल्या आम्ही बाया आता मुंबईच्या लोकलमधून ये-जा करायला शिकलो. शिकताना चुकलोही. त्या चुका आज तुम्हाला सांगतो.

पहिली चूक तिकिटाच्या खिडकीवरच झाली. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्याची इतकी सवय झालेली, की कसाऱ्याच्या खिडकीवर आम्ही थाटात म्हटलं, ‘‘तीन महिला, अर्धं द्या.’’ मागची रांग हसली. ती सवलत एसटीची आहे. लोकलला, मुंबईच्या बेस्ट बसला किंवा मेट्रोला ती लागू नाही. आणि या तिघींची तिकिटंही वेगवेगळी. लोकलचं तिकीट दाखवून मेट्रोत जाता येत नाही. तशी लोकल स्वस्तच, जवळच्या स्टेशनाला अजून पाच रुपयांतच जाता येतं. बेस्टचं साधं तिकीट मात्र 9 मे 2025 पासून पाचाचं दहा रुपये झालं, एसी बसचं सहाचं बारा. कोणी जुना हिशोब सांगितला तर त्यावर सुटे पैसे मोजून नेऊ नका.

दुसरी चूक महागात पडली. कसाऱ्याहून येणारी गाडी कल्याणच्या पुढे बहुतेक फास्ट असते. फास्ट म्हणजे मोठ्या स्टेशनांवरच थांबणारी. ती दादरला थांबते, परळला नाही. म्हणून दादरला उतरून पुढच्या एका स्टेशनासाठी स्लो गाडी धरायची. समोर एक छान बंद दारांची गाडी आली. काकू आणि त्यांच्यासोबतची एकजण चढल्या, तिसरी पिशवी सावरेपर्यंत दार आपोआप मिटलं. हॉस्पिटलची फाइल त्या तिसरीच्या हातात! ती एसी लोकल होती. मुंबईत एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला सुरू झाली, तिचं तिकीट वेगळं आणि पुष्कळ जास्त. आत तिकीट तपासनीस होते. साध्या तिकिटावर एसीत बसलं तर किमान अडीचशे रुपये दंड आणि वर भाडं. दोघींचे मिळून पाचशेच्या वर गेले. तिसरी मागच्या गाडीने आली, परळला भेट झाली, नंबर कसाबसा चुकला नाही. त्या दिवसापासून फाइल काकूंच्याच मांडीवर असते, आणि दार उघडं असेल तीच आपली गाडी असं आम्ही ठरवलंय.

दादरबद्दल आणखी एक. तिथे पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वे शेजारी शेजारी आहेत. पूर्वी दोघींचे फलाट एकपासून मोजायचे. ‘एक नंबरला ये’ म्हटलं की माणूस कोणत्या एकला जाईल याचा नेम नव्हता. डिसेंबर 2023 पासून पश्चिमेचे एक ते सात तसेच ठेवून मध्य रेल्वेचे आठ ते चौदा केले. शहाणपणाचं काम, पण जुनी माणसं अजून जुनेच आकडे सांगतात. आमच्या एका भाच्याने फोनवर ‘सेंट्रलच्या एकला थांबा’ सांगितलं. तो फलाट आता आठ आहे. नावांचंही तसंच. परळला लागून असलेलं पश्चिम रेल्वेचं स्टेशन पूर्वी एल्फिन्स्टन रोड होतं, 2018 पासून ते प्रभादेवी आहे. तिथल्या अरुंद जिन्यावर 29 सप्टेंबर 2017 ला चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. पावसाने सगळे पुलावर आडोशाला थांबले होते. म्हणून आम्ही गर्दीत पुलावर घाई करत नाही. लोंढा जाऊ देतो, मग कठड्याच्या बाजूने उतरतो. सरकत्या जिन्यावर निऱ्या आणि पदर हातात धरतो.

विरार-बोरिवलीकडून येणाऱ्या बायकांनी प्रभादेवीला उतरून पुलावरून परळच्या पूर्वेला यायचं. गाड्यांसाठीचा तिथला जुना पूल मात्र सप्टेंबर 2025 मध्ये नव्या पुलासाठी बंद केला, म्हणून पश्चिमेकडून टॅक्सी केली तर ती दादरच्या टिळक पुलावरून किंवा करी रोडवरून वळसा घालते. मीटर वाढलं म्हणून भांडू नका. रिक्षा शोधण्यातही वेळ घालवू नका, कारण बांद्रा आणि शीवच्या अलीकडे, म्हणजे जुन्या मुंबईत, रिक्षा चालतच नाही. तिथे काळी-पिवळी टॅक्सी, नाहीतर बस. बसच्या पुढे नंबर मराठी आकड्यांत असतो, बाजूला इंग्रजीत. आपल्याला समोरून बस ओळखता येते हे बरं.

आता डब्याबद्दल. बायकांच्या डब्यावर बाहेर बाईचं चित्र असतं, आणि तो फलाटावर कुठे येतो ते तिथल्या बायकांना अचूक माहीत असतं. चार बाया थांबल्या दिसल्या की तिथेच उभं राहायचं. बारा वर्षांपर्यंतचा मुलगा आपल्याबरोबर या डब्यात चालतो, त्याच्यापेक्षा मोठा नाही. चढल्या चढल्या कोणीतरी विचारेल, ‘‘ताई, कुठे उतरणार?’’ आधी आम्हाला वाटलं, चौकशा करतात. तसं नाही. तुमची जागा कुठे रिकामी होणार ते तिला धरून ठेवायचं असतं. तुम्हीही विचारा. तिघींच्या बाकावर चौथी अर्धी टेकते, तो तिथला रिवाज आहे. आणि आपलं स्टेशन येण्याआधी दोन स्टेशनं दाराकडे सरकायचं, ‘‘परळ? परळ?’’ असं पुढच्या बाईला विचारत. ती उतरणार असेल तर तिच्या मागे राहायचं.

काकूंना मात्र आम्ही गर्दीच्या डब्यात नेत नाही. कॅन्सरच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांना दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, हॉस्पिटलचा कागद जवळ हवा. हे आम्हाला चौथ्या खेपेला कळलं, तोवर काकू इंजेक्शन घेऊन उभ्याने आल्या होत्या. त्याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. लांबच्या मेल-एक्स्प्रेसलाही रुग्णाला आणि सोबतच्या एकाला मोठी सवलत असते, तिचा फॉर्म हॉस्पिटलमध्येच भरून मिळतो. पहिल्याच दिवशी मागा.

परतीची युक्ती अशी : मार्च 2019 पासून काही लोकल परळहूनच सुटतात. ती गाडी रिकामी लागते, काकूंना खिडकी मिळते. ठाणे-कल्याणपर्यंत तिने जायचं, कल्याणला जरा बसून चहा प्यायचा, मग कसाऱ्याची धरायची. तिथे पाटी नीट वाचा. मध्य रेल्वेच्या पाटीवर इंग्रजी ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत. दोन्ही गाड्या कल्याणपर्यंत एकाच वाटेने जातात, पुढे फाटा फुटतो. शेवटी ‘एस’ लिहिलेला असतो तो पुन्हा स्लोचा. आमची एक जोडी ‘एस’ बघून निवांत बसली आणि अंबरनाथ आल्यावर उठली.

काकूंची पुढची तारीख मंगळवारची आहे. या वेळी सोबत जाणारी धाकटी सून पहिल्यांदाच मुंबई बघणार. तिच्या वहीत आम्ही लिहून दिलंय : दादरला उतरायचं, आठ ते चौदामधली स्लो विचारायची, दार उघडं असेल तरच चढायचं, परतीला ‘एन’. आणि फाइल काकूंकडे.