चालत्या भिंतीमागचा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या ज्ञानदेवांवर पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ हा बोलपट काढला. त्यातील चालत्या भिंतीचे दृश्य आज करायचे झाल्यास भिंत, तीवर बसलेली भावंडे आणि मागचे आकाश बहुधा स्वतंत्रपणे चित्रित होईल. हे सारे एका चौकटीत बेमालूम बसवणे म्हणजे कॉम्पोझिटिंग.

त्याचे सॉफ्टवेअर बहुधा संकलनाच्या सॉफ्टवेअरहून वेगळे असते आणि घोळ होतो तो या दोहोंमधील ये-जा करताना. संकलक हलक्या प्रतींवर काम करतो. कॉम्पोझिटिंगला मूळ, पूर्ण दर्जाचे चित्रण लागते. दोहोंतील दुवा टाइमकोडचा. तो चुकला की भलताच तुकडा हाती येतो.

सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने चार सेकंदांचा शॉट ९६ फ्रेमचा. तो पाठवताना मात्र मागेपुढे आठ-आठ फ्रेम जादा ठेवून ११२ करावा. शिंपी शिवणीत माया सोडतो, तसेच हे. उद्या दिग्दर्शकाने शॉट किंचित लांबवला, तर तीच कामी येते. नसेल तर झालेले काम पुन्हा उघडावे लागते.

शॉटना क्रमांक ०१०, ०२० असे अंतर राखून देतात, म्हणजे मध्ये नवा शॉट आल्यास ०१५ मोकळा असतो. परत येणाऱ्या फाइलीवर आवृत्तीचा आकडाही हवा. ‘अंतिम’, ‘अगदी अंतिम’ अशी नावे ठेवणाऱ्यांची फजिती वर्णावयास नको.