टेम्पोतील पान्यांची पेटी : तुकडे मोजावेत की नट?

कोल्हापूरहून निघालेले भुसार, किराणा आणि कापड फोंडा किंवा करूळ घाट उतरून कणकवली, कुडाळ, मालवणच्या दुकानांत पोहोचते. परतीच्या वाटेने काजू, कोकम आणि हंगामात हापूस जातो. या रस्त्यांवर रात्री टायर बसला, तर जवळचे गॅरेज उघडण्यासाठी सकाळची वाट पाहावी लागते; वाशीच्या बाजारासाठी भरलेल्या आंब्याच्या पेट्यांना मात्र ती सकाळ वाशीतच गाठायची असते. मालाचे नुकसान एक वेळ भरून निघेल, पण घाटातील वळणावर अंधारात अडकलेल्या चालकाच्या जिवाचे काय? बँकेत वाहनकर्जाची प्रकरणे पाहताना चासी, बॉडी, विमा, कर असे सारे रकाने समोर येत. गाडीत ठेवायच्या अवजारांचा रकाना त्यांत नसे. मालकानेच तो आपल्या हाताने आखून घ्यावा, हे बरे.

बाजारात गेल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती चकचकीत प्लॅस्टिकची पेटी आणि तिच्यावर ठळक छापलेली तुकड्यांची संख्या. शंभराहून अधिक तुकडे, तेही स्वस्तात! व्यापारी दृष्टीला हा सौदा फायद्याचा वाटतो. पेटी उघडून मोजदाद केली म्हणजे कळते की, निम्म्याहून अधिक भरती स्क्रू ड्रायव्हरच्या इवल्या टोकांची आणि बारीक गोट्यांची आहे. (सॉकेटला गॅरेजमध्ये ‘गोटी’च म्हणतात.) टेम्पोच्या नटांना लागणारे मोठे पाने त्यात तीन-चारच सापडतात.

म्हणून तुकडे न मोजता आपल्या गाडीचे नट मोजावेत. येथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी सहकार्य करून ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. त्यामुळे जुन्या टाटा गाड्यांत जर्मन धाटणीची १०, १३, १७ आणि १९ मिलिमीटरची मापे रुळली. सुझुकीच्या घराण्यातील गाड्या जपानी मापांच्या. त्यांत १०, १२, १४ आणि १७ अधिक आढळतात. बोल्टची जाडी तीच, ८ मिलिमीटरची. परंतु जर्मन पद्धतीत त्याच्या डोक्याला १३ चा पाना लागतो आणि जपानी पद्धतीत १२ चा. बाराच्या नटाला तेराचा पाना लावून जोर केला की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो, आणि मग कसलेला मिस्त्रीही हात टेकतो. खरेदीला जाताना चालकाला सोबत न्यावे. कोणता नट वारंवार ढिला होतो, हे मालकापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते.

दुसरी गोष्ट, गाडीत काय दुरुस्त करायचे याची मर्यादा आधी ठरवावी. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-६ मानकाच्या आहेत. त्यांच्या डिझेल इंजिनातील इंधननळ्यांत अतिशय उच्च दाब असतो. रस्त्यात पाना घेऊन त्या उघडणे धोक्याचे आहे. चालकाच्या हातची कामे म्हणजे चाक बदलणे, बॅटरीची टोके साफ करून आवळणे, ढिला क्लॅम्प किंवा सुटू पाहणारा आरसा घट्ट करणे, फ्यूज आणि दिवा बदलणे. एवढ्यासाठी आठ ते चोवीस मिलिमीटरपर्यंतचे रिंग-फिक्स पाने, अर्धा इंची चौकोनी टोकाचा रॅचेट आणि आपल्या मापाच्या सात-आठ गोट्या, एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, अॅलन की आणि डोक्याला बांधायची बॅटरी पुरेशी होते. गोटी सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची गोटी लवकर बसते खरी, परंतु गंजलेल्या नटावरून तीच आधी निसटते, आणि निसटली की बोटांची साले निघतात. पोलादावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी खूण आणि बनवणाऱ्याचे नाव कोरलेले असावे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आणि पंजाबातील जालंधरला अशी अवजारे बनतात. त्यामुळे आयात मालाच्या मोहात पडण्याचे कारण नाही. सुटे पाने निवडून घेतले तर तीन ते चार हजार रुपयांत ही जमवाजमव होते.

जॅक आणि चाकाचा पाना यांत मात्र काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीसोबत मिळालेला जॅक रिकाम्या गाडीला पुरतो, पण आपली गाडी भरलेली असते. नोंदणीपुस्तकात एकूण भारित वजन लिहिलेले असते. त्याच्या निम्म्याहून कमी क्षमतेचा जॅक घेऊ नये. कोकणात आणखी एक अडचण आहे. रस्त्याकडेची जांभ्याची तांबडी माती पावसात मऊ होते आणि जॅक तीत रुततो. फूटभर लांबरुंद व दोन इंच जाडीची फळी गाडीत हवीच. चाकाला ओट म्हणून जांभ्याचा चिरा लावण्याची आपल्याकडे सवय आहे; तो चिरा वजनाने फुटू शकतो. लाकडी पाचरींची जोडी करून घ्यावी. ती कामानंतर गाडीत परत येते. चिरा मात्र बहुधा रस्त्यातच राहतो आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला पाडतो. परावर्तक त्रिकोणही याच पिशवीचा भाग समजावा. नट आधी जमिनीवरच ढिले करावेत आणि गाडी मग उचलावी.

खरेदीचे पक्के बिल घ्यावे. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीच्या अवजारांवर इनपुट क्रेडिट मिळते. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला ते मिळत नाही.

आता उरला गंज. जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि किनाऱ्यावर बारमाही खारा वारा! मुलामा जेथे खरचटला, तेथून पोलाद लाल होऊ लागते. प्लॅस्टिकच्या पेटीतील खाचांत ओल साठते, तिच्या बिजागऱ्याही घाटाच्या धक्क्यांनी तुटतात. त्यापेक्षा कॅनव्हासची, कप्पे शिवलेली गुंडाळी उत्तम. कोणता पाना हरवला, ते उलगडताच दिसते. पाने तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावेत. खंडेनवमीला गाडी धुऊन अवजारे पूजेला मांडतातच. पावसाळाही तेव्हा सरत आलेला असतो. त्याच दिवशी प्रत्येक पाना यादीशी ताडून पाहावा, जॅक एकदा पूर्ण वर चढवून खाली घ्यावा आणि तेलाचे जुने फडके बदलावे.