महाभारत मुंबईला का गेलं?

तमिळनाडूत कावेरीच्या काठी कुंभकोणम् आहे. देवळांचं गाव. थोर गणिती रामानुजन इथल्याच शाळेत शिकले. इथल्या टी. आर. कृष्णाचार्य आणि टी. आर. व्यासाचार्य यांनी दक्षिणेतल्या पोथ्यांवरून संस्कृत महाभारत संपादित केलं. १९०६ पासून त्याचे खंड निघू लागले. अभ्यासक त्याला ‘कुंभकोणम् आवृत्ती’ म्हणतात. पण ती छापली कुठे, ठाऊक आहे? आपल्या मुंबईत, निर्णयसागर छापखान्यात!

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेल्या या छापखान्याचे देवनागरी टाइप देशभर नावाजलेले होते. ते राणूजी रावजी आरू यांच्या हातचे. टाइप म्हणजे शिशाच्या मिश्रधातूची उलटी अक्षरं. जुळारी ती एकेक उचलून ओळी जुळवायचा. लाख श्लोकांचं महाभारत असं जुळवायचं म्हणजे, बाप रे!

तेव्हा मजकूर अक्षरांच्या गावी जायचा. आता उलट झालंय, अक्षरंच मजकुराबरोबर जातात. तुम्ही शाळेच्या हस्तलिखिताचं मुखपृष्ठ संगणकावर केलंत, तर त्यातला फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा संच, तुमच्या संगणकात असतो. छापखान्याच्या संगणकात तो नसला, की ‘महाभारत’च्या जागी रिकामे चौकोन किंवा भलतंच काही उमटतं. म्हणून पीडीएफ करताना फॉन्ट फाइलमध्येच बसवून द्यायचा.

रंगांची गंमत तर आणखी न्यारी. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे: लाल, हिरवा, निळा. कागद काही चमकत नाही. त्यावर सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चार शाया चढतात. पडद्यावरचा झगमगता पोपटी या चौघांना मिळूनही जमत नाही. छापलेल्या रंगीत चित्रावर भिंग धरा. या रंगांचे ठिपकेच ठिपके दिसतील! बारीक अक्षरं मात्र एकट्या काळ्या शाईत ठेवावीत. चारही शायांत छापली आणि एखादी केसभर सरकली, तर अक्षराच्या कडेला रंगीत सावली पडते.

फोटोही भरपूर ठिपक्यांचा लागतो. फोटोतल्या या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. नेहमीचा हिशोब एका इंचात ३०० पिक्सेल. म्हणजे ३ इंच रुंद छापायचा फोटो ९०० पिक्सेल रुंद हवा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बरेचदा आकसलेला असतो, तो मोठा केला की धूसर होतो.

आणि कडा! कटिंग मशीनचं पातं किंचित इकडेतिकडे होतंच. म्हणून चित्र पानाबाहेर ३ मिलिमीटर वाढवून ठेवतात. याला छापखान्यात ‘ब्लीड’ म्हणतात. ते नसलं, तर पानाच्या कडेला पांढरी रेघ डोकावते.

आता एक करून बघा. एका कागदाची तीनदा घडी घाला, प्रत्येक घडी आधीच्या घडीला आडवी. कोपरे थोडे उचकटून पानांवर १ ते १६ आकडे घाला आणि कागद उलगडा. १ च्या शेजारी १६, आणि निम्मी पानं डोकं खाली, पाय वर! घडी घातल्यावर पानं ओळीने यावीत, म्हणून छापखान्यात मोठ्या कागदावर ती अशीच मांडतात.