ज्वारीचं ताट आणि फुफ्फुसाची गाठ: जीन एक्स्प्रेशन सोप्या भाषेत

आजचा विषय जड वाटेल, पण सुरुवात आपल्या परभणीच्या शिवारातूनच करू.

ज्वारीचं एक ताट डोळ्यांसमोर आणा. मूळ, पान, कणीस, सगळ्यांच्या पेशींत डीएनए एकच. मग पान हिरवं आणि दाणा पांढरा कसा? तर कोणत्या पेशीत कोणतं जनुक किती काम करतं, ते वेगवेगळं असतं. जनुक कामाला लागलं की त्याच्या आरएनए प्रती निघतात. या प्रती मोजल्या की त्या जनुकाचं एक्स्प्रेशन कळतं.

आता फुफ्फुसाच्या कॅन्सरकडे येऊ. समजा दोघांची स्टेज एक, ऑपरेशनही एकच. एकजण बरा राहतो, दुसऱ्याचा आजार उलटतो. हे आधी ओळखता येईल का? तैवानच्या संशोधकांनी २००७ मध्ये १२५ रुग्णांच्या गाठी तपासून पाच जनुकांवर बोट ठेवलं. त्यांच्या एक्स्प्रेशनवरून जास्त धोक्याचा आणि कमी धोक्याचा असे दोन गट पडले. आजाराची पुढची वाट सांगणाऱ्या अशा खुणेला प्रोग्नॉस्टिक बायोमार्कर म्हणतात.

पण थांबा! हा अंदाज गटाचा असतो, एका माणसाचं भविष्य नव्हे. म्हणून डॉक्टर आजही आधी स्टेजच बघतात.

दुसरी खूण सांगते, कोणतं औषध लागू पडेल. ती प्रेडिक्टिव्ह. उदाहरणार्थ ईजीएफआर जनुकातला बदल. इथं प्रती मोजत नाहीत, जनुकाच्या अक्षरांतली चूक शोधतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ९०७ रुग्ण तपासले, तेव्हा सुमारे २३ टक्के जणांत हा बदल सापडला. अशा रुग्णांना जेफिटिनिबसारख्या गोळ्यांचा उपयोग होतो.

मग आपण काय करायचं? दोन गोष्टी. एक, डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, ही टेस्ट नुसता अंदाज सांगते, की हिच्यामुळं औषध बदलेल?" महागडी टेस्ट करण्याआधी हा प्रश्न हवाच.

दोन, परभणीहून संभाजीनगरला किंवा मुंबईला निघताना रिपोर्टसोबत बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. मेणात जपलेला गाठीचा तो तुकडा. कागदांची फाईल सगळे नेतात, ब्लॉक मागेच राहतो. मग तपासणी अडते, कधी पुन्हा सुई टोचावी लागते.

घरात, गल्लीत कुणाला हे उपयोगी पडेल असं वाटलं, तर हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!