कॉफीच्या दामात बसायची जागा

टोकियोतल्या जिम्बोचो भागात जुन्या पुस्तकांची शंभराहून अधिक दुकानं आहेत. मोठ्या रस्त्यावरची बहुतेक दुकानं दक्षिणेच्या अंगाला, उत्तरेकडे तोंड करून उभी आहेत. ऊन थेट पुस्तकांवर पडू नये, पानं पिवळी होऊ नयेत, एवढ्यासाठी. जुनं पुस्तक हाती लागलेल्या माणसाला घरी पोचेपर्यंत धीर धरवत नाही. ते उघडून बसायला त्याला लगेच एक टेबल हवं असतं. म्हणूनच या दुकानांच्या मागच्या गल्ल्यांत कॉफीची जुनी दुकानं तग धरून राहिली: 1949 चं राद्रिओ, 1953 चं मिलोंगा, 1955 चं साबोरू. साबोरूच्या दाराशी कोरीव लाकडी खांब आहेत. आत विटांच्या भिंती आहेत आणि गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं त्यांवर अक्षरं लिहून ठेवली आहेत. कॉफीबरोबर थोडे शेंगदाणेही येतात.

अशा दुकानाला जपानीत ‘किस्सातेन’ म्हणतात. मराठी कानाला त्यात आपला किस्सा ऐकू येतो, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. ‘कित्सु’ म्हणजे पिणं, ‘सा’ म्हणजे चहा, ‘तेन’ म्हणजे दुकान. हा ‘सा’ आणि आपला ‘चहा’ मात्र खरोखरच एका चिनी शब्दाची लेकरं. नावात चहा असला तरी दुकानाचा जीव कॉफीत. काही पाट्यांवर ‘जुनकिस्सा’ असं लिहिलेलं दिसतं. जुन म्हणजे शुद्ध. 1920 च्या नंतर जपानी शहरांत ‘कॅफे’ म्हटलं की दारू आणि शेजारी येऊन बसणाऱ्या बायका असा अर्थ होऊ लागला. तेव्हा ज्यांच्याकडे फक्त कॉफी-चहा मिळायचा, त्यांनी आपण वेगळे आहोत हे सांगायला हा शब्द घेतला.

आत शिरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. इथे दाम कॉफीचं मोजायचं, पण आपण घेतो ती बसायची जागा. टोकियोतली घरं लहान, पाहुण्याला बाहेर भेटायची रीत जुनी. त्यामुळे किस्सातेन हीच पुष्कळांची बैठकीची खोली झाली. तिथल्या बहुतेक सगळ्या रीती या एका गोष्टीतून निघतात.

दाराबाहेर काचेच्या कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. पूर्वी त्या मेणाच्या असत, आता प्लास्टिकच्या. भाषा येत नसेल तर आधी तिथेच काय हवं ते पाहून ठेवावं. दार ढकललं की वरची घंटा वाजते आणि आतून ‘इराश्शाइमासे’, म्हणजे ‘या, या’ असा आवाज येतो. त्याला उत्तर द्यावं लागत नाही. किती जण आहोत ते बोटांनी दाखवायचं. डोळे सरावायला जरा वेळ लागतो, कारण आत उजेड मुद्दामच मंद आणि पिवळसर ठेवलेला असतो. खुर्च्या मखमली आणि बुटक्या, टेबलं त्याहून थोडीच उंच. अशा खुर्च्यांत बसून जेवण उरकणं अवघड जातं, मागे रेलून राहणं सोपं जातं.

एकटे असाल तर काउंटर बघा. कॉफी होताना तिथूनच दिसते. काउंटरमागच्या माणसाला ‘मास्टर’ म्हणतात, बाई असेल तर बहुधा ‘मामा’. एखादी खुर्ची रोज येणाऱ्यांपैकी कुणाची ठरलेली असू शकते, म्हणून मास्टर हात करील तिथे बसावं.

बसलात की गार पाण्याचा पेला आणि हात पुसायला ओला टॉवेल येतो. याला ‘ओशिबोरी’ म्हणतात. हिवाळ्यात तो गरम असतो. दोन्हींचे पैसे नाहीत. पेला रिकामा झाला की पुन्हा भरला जातो. हे पाणी येतं तेच मुळी ‘सावकाश बसा’ हे सांगायला. मग मागणी. कॉफीच्या यादीत पहिलं नाव बहुधा ‘ब्लेंड’चं असतं. दोन-तीन देशांच्या बिया मिसळून त्या दुकानानं ठरवलेली ही चव असते, आणि पहिल्या भेटीत तीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. दुकानाचा स्वभाव तिच्यात कळतो. ‘अमेरिकन’ म्हणजे पातळ कॉफी. ‘विन्ना’ म्हणजे वर घट्ट साय फेटून घातलेली. नाव व्हिएन्नाचं आहे.

आता खरी कॉफी. जुन्या दुकानांत ती दोन प्रकारे होते, आणि त्यांतला कापडाचा प्रकार मला अधिक मोलाचा वाटतो. त्याला ‘नेल ड्रिप’ म्हणतात. नेल हे फ्लॅनेलचं जपानी तोंडात झालेलं रूप. तारेच्या कड्याला शिवलेली फ्लॅनेलची एक खोल पिशवी असते, कड्याला धरायला दांडा असतो. फ्लॅनेलच्या एका अंगाला लव असते. कागद कॉफीतलं तेल बरंचसं पिऊन टाकतो. कापड ते जाऊ देतं, पण भुकटी अडवतं. त्यामुळे कपात येणारी कॉफी जड, गुळगुळीत लागते आणि तळाला गाळ राहत नाही.

बिया बहुधा खूप भाजलेल्या असतात, काळ्या, तेलानं चकाकणाऱ्या. जास्त भाजलेली बी आतून पोकळ आणि ठिसूळ होते, पाण्याला तिचा अर्क चटकन सुटतो. उकळतं पाणी ओतलं तर नको तो कडवटपणाही उतरतो. म्हणून पाणी 80 ते 85 अंशांच्या आसपास आणलेलं असतं, आणि भुकटी भरड पण भरपूर, घरी आपण घेऊ त्याच्या दीडपट-दुप्पट. बारीक चोचीच्या किटलीतून मास्टर पहिलं पाणी थेंबाथेंबानं सोडतो. भुकटी फुगून घुमटासारखी वर येते, कारण भाजताना बीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड आता बाहेर पडू पाहतो. तो जायला थोडा वेळ द्यावा लागतो, नाहीतर वायू पाण्याला भुकटीत शिरू देत नाही. मग दोऱ्याइतकी बारीक धार मधोमध धरायची. काही मास्टर किटली स्थिर ठेवतात आणि दुसऱ्या हातातली पिशवीच हळूहळू फिरवतात. एका कपाला चार-पाच मिनिटं सहज लागतात, आणि त्या वेळात मास्टरशी कुणी बोलत नाही.

त्या पिशवीची निगा ही स्वतंत्र विद्या आहे. नवं कापड खळ जावी म्हणून आधी उकळून घेतात. वापरल्यावर ते फक्त पाण्यानं धुतात. साबण लावला तर त्याचा वास कॉफीत उतरतो. वाळू तर कधीच देत नाहीत, कारण धाग्यांत राहिलेलं तेल हवा लागली की खवट होतं. चक्का बांधायचं फडकं आपण धुऊन कडक उन्हात टाकतो. इथे बरोबर उलटं, पिशवी पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायची आणि पाणी रोज बदलायचं. धार फार मंदावली, कापडाची भोकं बुजली, की नवी पिशवी.

दुसरा प्रकार सायफनचा. खाली काचेचा गोल चंबू, वर काचेचं भांडं, मध्ये कापड लावलेली चकती. खालचं पाणी तापलं की वाफेचा दाब त्याला नळीतून वर ढकलतो. वर कॉफीची भुकटी असते, ती बांबूच्या पट्टीनं ढवळतात. ज्योत काढली की खालची वाफ निवून पाणी होते, दाब घटतो आणि तयार कॉफी गाळली जाऊन खाली ओढली जाते. युरोपातून आलेल्या या यंत्राचा जपानी अवतार कोनो कंपनीनं 1925 मध्ये काढला.

कापडाच्या कॉफीसाठी ज्यांचं नाव आदरानं घेतात ते कात्सुजी दाइबो. टोकियोच्या आओयामा भागात त्यांनी 1975 मध्ये दुकान काढलं. हातानं फिरवायच्या छोट्या भट्टीत ते स्वतः बिया भाजत. 2013 च्या अखेरीस इमारत पाडायची ठरली तेव्हा ते बंद झालं. टोकियोच्याच गिंझा भागातलं ‘काफे द लांब्र’ मात्र 1948 पासून चालू आहे. त्याचे संस्थापक इचिरो सेकिगुची वर्षानुवर्षं साठवून मुरवलेल्या बियांची कॉफी देत. 2018 मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं वय 103 होतं.

हे सगळं सुरू कुठून झालं? टोकियोच्या उएनो भागात 1888 मध्ये ‘काहीसाकान’ नावाचं दुकान निघालं. तेई एइकेई या माणसानं तिथे पुस्तकं, वर्तमानपत्रं, बिलियर्ड्स अशी सोय ठेवली होती. ते काही वर्षांतच बुडालं, पण कॉफीबरोबर बसायची सोय देण्याची कल्पना त्यातच होती. 1911 मध्ये गिंझात ‘काफे पाउलिस्ता’ उघडलं. त्याचे चालक ऱ्यो मिझुनो यांनीच 1908 मध्ये जपानी शेतमजुरांची पहिली मोठी तुकडी जहाजानं ब्राझीलला नेली होती. त्याच्या मोबदल्यात साओ पाउलो राज्याच्या सरकारनं त्यांना कॉफी फुकट पुरवली, म्हणून सामान्य माणसाला परवडेल इतक्या स्वस्तात ती विकता आली. त्या कपामागे परदेशच्या मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांचे कष्ट होते, हे आज तिथे बसताना आठवावं असं मला वाटतं. दुसऱ्या महायुद्धात कॉफीची आयात थांबली, 1950 मध्ये पुन्हा सुरू झाली, 1960 मध्ये बियांच्या आयातीवरचे निर्बंध उठले. त्यानंतर किस्सातेन गल्लोगल्ली झाली. 1981 मध्ये देशभरात त्यांची संख्या दीड लाखावर होती. आज ती त्याच्या निम्मीही नाही.

पूर्वी परदेशी रेकॉर्ड आणि चांगला ध्वनिवर्धक विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. म्हणून संगीतासाठीची किस्सातेन निघाली. टोकियोच्या शिबुया भागातलं ‘लायन’ 1926 चं, युद्धात जळलं आणि 1950 मध्ये पुन्हा उभं राहिलं. त्याच्या खुर्च्या आगगाडीसारख्या एकाच दिशेला, भिंतभर उंचीच्या लाकडी ध्वनिवर्धकांकडे तोंड करून मांडल्या आहेत. तिथे पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायचं; बोलायचं नाही. जाझची दुकानं वेगळी. योकोहामाचं ‘चिगुसा’ 1933 मध्ये निघालं. कादंबरीकार हारुकी मुराकामी लेखक होण्याआधी 1974 पासून बायकोबरोबर ‘पीटर कॅट’ नावाचं जाझचं दुकान चालवत होते.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. ‘नापोरितान’ म्हणजे टोमॅटो केचपमध्ये परतलेली स्पॅगेटी. नेपल्समध्ये ती मिळायची नाही, ती जपानचीच. हिरवंगार मेलन सोडा आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा म्हणजे ‘क्रीम सोडा’. शिवाय जाड टोस्ट, अंड्याचं सँडविच, कॅरमेलचं घट्ट पुडिंग आणि कित्येक ठिकाणी करी-भात. या करीत आपल्याकडचा एक धागा आहे: क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानमध्ये आश्रयाला गेले, टोकियोतल्या शिंजुकूच्या ‘नाकामुराया’ या बेकरीच्या घरचे जावई झाले, आणि 1927 मध्ये त्या दुकानानं किस्सा-विभाग उघडला तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून तिथे हिंदुस्थानी पद्धतीची करी ठेवली गेली.

सकाळी जाणार असाल तर नागोया शहर गाठावं. तिथे ठरावीक वेळेपर्यंत कॉफीच्या किमतीतच टोस्ट आणि उकडलेलं अंडं मिळतं. याला नुसतं ‘मॉर्निंग’ म्हणतात. तिथल्या टोस्टवर लोणी आणि लाल चवळीसारख्या अझुकी डाळीचं गोड पुरणही लावतात. पुरणपोळीवर वाढलेल्या माणसाला ते पहिल्या घासात ओळखीचं वाटेल. क्योतोच्या ‘इनोदा’त न सांगता दूध-साखर घालूनच कॉफी यायची जुनी पद्धत आहे, नको असेल तर आधी सांगावं.

टेबलावर एक छोटा कागद उलटा ठेवलेला असतो. तेच बिल. उठताना तो आपणच उचलून दाराजवळच्या गल्ल्यावर न्यायचा. टोकियोत कपाला साधारण 500 ते 800 येन, नामांकित ठिकाणी हजारावर. पुष्कळ जुन्या दुकानांत फक्त रोकड चालते. वर बक्षीस ठेवू नये, मागे धावत येऊन परत देतील. फोटो काढण्याआधी विचारावं. लॅपटॉप उघडून काम मांडणं बहुतेक ठिकाणी रुचत नाही. एप्रिल 2020 पासून बंद जागेत सिगारेटवर कायद्यानं बंधन आलं, पण काही लहान जुन्या दुकानांना सूट आहे. धूर सोसत नसेल तर दारावरची सूचना बघून घ्यावी.

एका कपावर किती वेळ बसावं? तासभर बसलं तर कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. गर्दी असेल, बाहेर माणसं ताटकळत असतील तर मात्र उठावं, किंवा दुसरा कप मागवावा. खुर्च्या पंधरा-वीस, कप चार-पाच मिनिटांचा आणि गिऱ्हाईक तासाचं, यात दुकानाच्या हाती फार काही उरत नाही. 1980 मध्ये ‘दोतोर’ या कॉफी-साखळीनं टोकियोच्या हाराजुकूत उभ्यानं प्यायची कॉफी 150 येनला विकायला सुरुवात केली, 1996 मध्ये गिंझात स्टारबक्स आलं. घाईतलं गिऱ्हाईक तिकडे गेलं. जागा स्वतःची आहे, राबणारं माणूस घरचंच आहे, अशी जुनी दुकानं तरली. आता तिथले मास्टर सत्तरी-ऐंशीत आहेत आणि पुष्कळांच्या घरात पुढे चालवायला कुणी नाही. अलीकडे तरुण मुलंमुली या मखमली खुर्च्यांकडे आणि हिरव्या सोड्याकडे हौसेनं वळली आहेत, काहींनी बंद पडायला आलेली दुकानं चालवायलाही घेतली आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

जिम्बोचोला जाणार असाल तर रविवार टाळा, पुस्तकांची बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात. आधी पुस्तक घ्या. जपानी येत नसेल तरी ‘किताझावा’मध्ये जुनी इंग्रजी पुस्तकं मिळतात. दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली की तीनच्या सुमारास मागच्या गल्लीत वळा, आणि काउंटरवर जागा असेल तर ब्लेंड मागून किटलीची धार दिसेल अशा खुर्चीत बसा.