मोटारगाडीच्या मागील पाट्यांचे बुश
पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगेस पाटा म्हणतात. पाट्याच्या टोकांची वेटोळी व त्यांतून जाणाऱ्या खिळी यांमध्ये बसविलेले रबरी अस्तर म्हणजे बुश होय. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर (१९५८–२०१४) व मुंबईत कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाड्यांचा मागील आस अशा पाट्यांवर पेललेला असतो.

उष्णता व तेल यांमुळे रबर कडक होऊन भेगाळते. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कडक उन्हाळा आणि खाचखळग्यांचे रस्ते यांमुळे ही झीज वाढते. मग गाडी चालू लागताना व ब्रेक लावताना मागे ठोका ऐकू येतो. वळणावर मागचा भाग सरकतो.

बुश बदलताना पुढील चाकांना अडण्या लावून सांगाडा मजबूत टेकूंवर ठेवतात. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. आसाचा भार दुसऱ्या जॅकने पेलून खिळी काढतात. नवा बुश साबणाच्या पाण्याने ओला करून बसवितात. ग्रीज लावल्यास नैसर्गिक रबर फुगते. नट अखेरचे आवळणे मात्र गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पाट्यांवर आल्यावरच करावयाचे असते. अन्यथा रबर पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते. दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळी बदलणे इष्ट असते.