मणक्याची गादी सरकली, आता काय?



तोडणी सुरू झाली की अक्कलकुवा भागात फिरताना आमच्या कानी हमखास पडते, "साहेब, गादी सरकलीय, एमआरआय काढलाय, ऑपरेशन सांगितलंय." मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारा मजूर असो की वाकून लागण करणारा सभासद, कंबर कोणालाच सोडत नाही. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण बैलजोडी विकण्याआधी थोडे समजून घ्यावे.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. बाहेरचे कडे चिवट, आतला गर मऊ. कडे चिरले की गर बाहेर येतो, शिरेवर दाब पडतो आणि कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते. बहुधा कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांतच हे घडते. साध्या एक्स-रेत गादी दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते.

पण दिसणे वेगळे, दुखणे वेगळे. अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली (१९९४). उसाचे पान पिवळे पडले म्हणजे दर वेळी नत्रच कमी असे नाही, कधी लोहही कमी असते, हे आपण जाणताच. तेव्हा रिपोर्टबरोबर डॉक्टरांनी पाय तपासलाच पाहिजे.

नवलाची गोष्ट पुढेच आहे. बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो. तेथे बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्तातल्या पेशी तो खाऊ लागतात, त्यातले पाणीही आटते. २०१५ साली बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तुटून सुटा झालेला तुकडा शंभरात ९६ जणांत आपोआप आकसलेला दिसला. नुसती फुगलेली गादी मात्र १३ जणांतच ओसरली. म्हणजे रिपोर्टात मोठे दिसते तेच बऱ्याचदा लवकर जिरते! बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत कमी होते. तोवर ओझे बंद, डॉक्टरांच्या गोळ्या आणि थोडे थोडे चालणे. महिनाभर खाटेवर पडून राहू नये.

ऑपरेशन वाईट नव्हे, त्याने आराम लवकर पडतो. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांत वर्षअखेरीस दोन्हीकडचे सारखेच बरे झालेले आढळले (२००७).

मात्र लघवी तुंबली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल वर उचलेना, तर एक दिवसही थांबू नका. अशा वेळी पाठ तुडवून घेत बसू नये. अक्कलकुव्याहून मिळेल त्या गाडीने नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय गाठावे.